हेवा कसा सोडायचा आणि समाधान कसं शिकायचं: वचनातून, पायरी पायरीने

मी आमच्या मंडळीच्या वर्शिप टीममध्ये बरीच वर्षं गाते. मध्ये एक नवीन मुलगी आली, आवाज खरंच गोड, आणि तीन महिन्यांत तिला रविवारी लीड करायला दिलं. उपासना संपल्यावर सगळ्यात आधी मीच तिच्याकडे गेले, हात धरून म्हटलं "किती छान गायलीस गं, प्रभूची स्तुती असो", आणि घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तिच्या चुकांची यादी तयार होती. दुसऱ्या कडव्याला सूर चढला, माईक फार जवळ धरला, डोळे मिटून हात वर करणं जरा जास्तच झालं. पण सगळ्यात वाईट मी पुढच्या प्रार्थना सभेत केलं. मी म्हटलं, "तिच्यासाठी प्रार्थना करूया हं, एवढ्या लहान वयात पुढे आलं की गर्वाचा मोह असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला किती आत्मिक वाटतं ना? तो शुद्ध हेवा होता, आणि मी तो प्रार्थनेत गुंडाळून वाटला होता.

हे सगळं लिहायला बसले ते यासाठी की हेव्यावर आपल्याकडे संदेश पुष्कळ ऐकायला मिळतात पण "बरं, मग सोमवारी सकाळी उठून नक्की करायचं काय" हे कुणी सांगत नाही. मला जे उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते. क्रम मात्र पाळा, कारण बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट "देवाचे आभार माना" वर उडी मारतात, आणि मग ते टिकत नाही.

पायरी १: आधी त्याला त्याच्या नावाने हाक मारा

राग आला की माणूस सांगतो मला राग आलाय, भीती वाटली की तेही सांगतो, पण "मला हेवा वाटतोय" हे वाक्य शेवटचं कुणाच्या तोंडून ऐकलंत आठवून बघा. हेवा कायम दुसऱ्याचे कपडे घालून फिरतो. कधी काळजी बनून, कधी न्यायाची चाड बनून, कधी "मी बाबा स्पष्ट बोलणारा माणूस" बनून, आणि आपल्या विश्वासी लोकांत त्याचा सगळ्यात लाडका वेश म्हणजे आत्मिक पारख.

शब्दांचाही घोळ असतो, तो आधी सोडवू. त्याच्याकडे आहे तसं मलाही हवं, हा लोभ, दहावी आज्ञा त्याबद्दल आहे (निर्गम २०:१७). जे माझं आहे ते कुणीतरी घेऊन जाईल म्हणून जीव जळतो ती ईर्ष्या, आणि ती दर वेळी वाईट असते असं नाही, बायबल खुद्द देवाला ईर्ष्यावान म्हणतं (निर्गम ३४:१४), कारण त्याची माणसं खरोखर त्याचीच आहेत. हेवा याहून वेगळा. त्यात वस्तू मिळवण्याशी फारसं देणंघेणंच नसतं, दुसऱ्याकडे ती आहे हेच डोळ्यांत खुपतं. १३व्या शतकातल्या थॉमस अक्वायनासने हेव्याची व्याख्या अशीच केली आहे, दुसऱ्याचं भलं पाहून होणारं दुःख. आपल्या मराठीत तर त्याहून सोपं आहे, पोटात दुखणं.

ओळखायचा एक प्रश्न आहे, जरा बोचरा आहे. त्या माणसाचं काहीतरी बिनसलं अशी बातमी आली तर पहिल्या क्षणी आत काय होतं? "अरेरे" म्हणायच्या आधीचा क्षण. तिथे जर हलकं वाटत असेल तर उत्तर मिळालं.

आणि एक बघून ठेवा, हेवा लांबच्या माणसाचा होत नाही. राजाचा हेवा भिकारी करत नाही, दुसरा भिकारी करतो. गाणाऱ्याला गाणाऱ्याचा, शिक्षकाला शिक्षकाचा, पाळकाला (हो, पाळकालासुद्धा) शेजारच्या मंडळीच्या पाळकाचा. उत्पत्तीचं पुस्तक उघडा, काइन आणि हाबेल, राहेल आणि लेआ, योसेफ आणि त्याचे भाऊ, सगळी एकाच घरातली माणसं. राहेल-लेआची गोष्ट तर फारच केविलवाणी आहे, सख्ख्या बहिणी आणि दोघींचा नवरा एकच, लेआला मुलं होत होती आणि तिला नवऱ्याचं प्रेम हवं होतं, राहेलवर नवऱ्याचं प्रेम होतं आणि तिला मुलं हवी होती, दोघी एकमेकींच्या ताटाकडे बघत आयुष्य काढतात.

आता वही घ्या. एकच वाक्य लिहायचं: मला अमक्याचा हेवा वाटतो, कारण... आणि "कारण" च्या पुढे खरं येईपर्यंत खोडत राहायचं. माझं पहिलं कारण होतं "कारण ती शो करते". खोडलं. दुसरं, "कारण मी जुनी असून मला विचारलं नाही". हे जरा जवळ आलं पण अजून नाही. तिसऱ्यांदा लिहिलं, "कारण तिला लीड दिलं म्हणजे आता मी कुणीच नाही असं मला वाटतं". ते वाक्य बघून मला रडू आलं, त्यावरून कळलं की हेच. ते पान कुणाला दाखवायचं नाही, पण जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

"एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं" असं वाटत असेल तर मार्क १५:१० वाचा. मुख्य याजकांनी येशूला हेव्यामुळे धरून दिलं हे रोमी सुभेदार पिलाताच्या लक्षात आलं होतं. परक्या माणसाला एका नजरेत दिसलं, आणि ज्यांच्या मनात होतं त्यांना वाटत होतं आपण धर्म वाचवतोय.

पायरी २: तक्रार खरी कुणाविरुद्ध आहे?

ही पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा दाखला सगळ्यांना पाठ असतो. मालक पहाटे मजूर लावतो, एक दीनार ठरवून. मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या, आणि अगदी अकराव्या तासाला, म्हणजे दिवस संपायला एक तास उरलेला असताना, अजून लोक आणतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दीनार. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात, आणि मालक विचारतो की मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का?

यातली एक बारीक गोष्ट माझ्या बरीच वर्षं लक्षात आली नव्हती. मालक मुद्दाम सांगतो की पैसे द्यायला शेवटच्यापासून सुरुवात करा. उलटं केलं असतं, पहाटेच्या लोकांना आधी दिले असते, तर ते आपला दीनार खिशात टाकून खुशीत घरी गेले असते, ठरलेला रोज मिळाला होता की. त्यांचा दीनार कमी झाला नाही, त्यांनी फक्त दुसऱ्याच्या हातात बघितलं, आणि तोच दीनार एकदम लहान दिसायला लागला. मालकाने त्यांना ते बघायला लावलं. का? मला वाटतं, मनातलं बाहेर यावं म्हणून. कारण बघा, ते कुरकुर त्या उशिरा आलेल्या मजुरांविरुद्ध करत नाहीत, मालकाविरुद्ध करतात.

तर गोम इथे आहे. त्या मुलीने माझं काही घेतलं नव्हतं. आवाज तिला कुणी दिला? देवाने. मला माझा दिला तोही त्यानेच. म्हणजे माझं पोट दुखत होतं ते "देवा, तू वाटणी नीट केली नाहीस" म्हणून, पण देवाशी भांडायची छाती नव्हती, त्यामुळे सगळं तिच्यावर निघत होतं. हेवा म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पाठवलेली तक्रार. ती दाबून टाकायची नाही आणि त्या माणसावरही काढायची नाही, बरोबर पत्त्यावर न्यायची.

वहीतल्या त्या वाक्याखाली म्हणून दुसरं वाक्य लिहा, थेट देवाला उद्देशून: "देवा, मला वाटतं की तू..." आणि पूर्ण करा. "तू मला विसरलास." "तू त्याच्यावर जास्त प्रेम करतोस." "मी एवढी वर्षं सेवा केली त्याची तुझ्याकडे काही किंमत नाही." लिहिताना हात थरथरेल कदाचित. उधळ्या पुत्राचा मोठा भाऊ नेमकं हेच बापाला तोंडावर बोलला, एवढी वर्षं राबतोय आणि एक करडूसुद्धा दिलं नाहीस मला (लूक १५:२९), आणि बाप चिडला नाही, उलट तो घराबाहेर येऊन त्याची विनवणी करत होता.

पायरी ३: ती तक्रार देवापुढे तशीच ठेवा

आता स्तोत्र ७३ काढा. ते आसाफाचं आहे, आणि आसाफ कोण होता तर दावीद राजाने देवाच्या कराराच्या कोशापुढे (म्हणजे पवित्र पेटीपुढे) गायला-वाजवायला नेमलेल्या लोकांचा मुख्य, झांजा वाजवणारा (१ इतिहास १६:५). म्हणजे आजच्या भाषेत वर्शिप लीडर! मला हे कळलं तेव्हा एवढं बरं वाटलं, की चला, आपल्या लाइनचाच माणूस आहे.

आसाफ काहीही गोडगोड बोलत नाही. तो म्हणतो माझे पाय घसरायलाच आले होते, कारण दुष्टांचं बरं चाललेलं बघून मला हेवा वाटला. मग तो यादीच देतो, त्यांना त्रास नाही, अंगाने धडधाकट आहेत, गर्व गळ्यातल्या हारासारखा मिरवतात, आणि मी मन शुद्ध ठेवलं ते उगाचच. अर्धं स्तोत्र हीच तक्रार चालते. मग १७वी ओवी येते, देवाच्या पवित्रस्थानात गेलो तेव्हा मला कळलं. तिथून सूर बदलतो, आणि शेवटाकडे तो म्हणतो की मी तुझ्यासमोर जनावरासारखा होतो, तरी तू माझा उजवा हात धरून ठेवलास, स्वर्गात मला तुझ्याशिवाय कोण आहे.

लक्षात घ्या की १७व्या ओवीत परिस्थिती काहीच बदललेली नाही, ती माणसं अजून तशीच सुखात आहेत. बदललं काय तर आसाफ उभा कुठे आहे ते.

करायचं असं. रोज पंधरा मिनिटं, सात दिवस. स्तोत्र ७३ मोठ्याने वाचायचं, पण आसाफाच्या यादीच्या जागी आपली यादी घालायची, नावासकट. खोलीचं दार लावून घ्या म्हणजे झालं. मग दोन-तीन मिनिटं गप्प बसायचं, काही मागायचं नाही. मग २३ ते २८ ओव्या वाचायच्या. पहिले तीन दिवस मला काही म्हणजे काही वाटलं नाही, उलट यादी वाचून जास्तच जळफळाट झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी यादी वाचायचाच कंटाळा यायला लागला. तुमचं वेगळं होईल, पण पहिल्या दिवशी शांती वाटली नाही म्हणून सोडू नका.

पायरी ४: कबुली, पण कुणाजवळ?

हे छोटं आहे पण इथे लोक घोळ घालतात. याकोब ५:१६ सांगतं की आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. एका पोक्त, तोंडाला कुलूप असलेल्या विश्वासी माणसाजवळ सांगा. ज्याचा हेवा वाटतो त्याला मात्र जाऊन "मला तुझा हेवा वाटत होता, मला माफ कर" असं सांगू नका! त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं, तुमचं ओझं हलकं होतं आणि त्याच्या डोक्यावर बसतं, नंतर तो तुमच्यासमोर स्वतःची कुठली चांगली बातमी सांगायलाही घाबरतो.

अपवाद एकच, तुम्ही काही केलं असेल तर. पाठीमागे बोलला असाल, अडवणूक केली असेल, तर त्या कृतीची माफी मागायची आणि जिथे बोललात तिथे जाऊन दुरुस्त करायचं. मला त्या प्रार्थना सभेत परत जाऊन सांगावं लागलं की मागच्या वेळी मी जे गर्वाबिर्वाचं बोलले त्याला काही आधार नव्हता, ते माझ्याच मनातलं होतं. दोन मिनिटं लागली, पण ती दोन मिनिटं फार लांब होती.

पायरी ५: त्याच्या भल्यासाठी हात लावा

शौल राजा आणि योनाथान, बापलेक, एकाच घरात राहणारे, दोघांच्या समोर तोच दावीद. बायका डफ वाजवत गातात की शौलाने हजारो मारले आणि दाविदाने लाखो, आणि त्या दिवसापासून शौलाची दाविदावर वाकडी नजर बसली (१ शमुवेल १८:७-९). पुढे भाला फेकण्यापर्यंत मजल गेली. आता योनाथानाचं बघा. खरं तर नुकसान त्याचं जास्त होतं, गादीवर हक्क त्याचा होता. आणि तो काय करतो, अंगावरचा झगा काढून दाविदाला देतो, तलवार देतो, धनुष्य देतो, कमरबंदसुद्धा देतो (१८:४). जे त्याचं राजपुत्रपण दाखवत होतं ते एकेक उतरवून स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या अंगावर घालतो.

भावना बदलायची वाट बघत बसू नका, हातांनी सुरुवात करा. रोज त्या माणसाचं नाव घेऊन आशीर्वाद मागायचा, आणि मोघम "त्याचं भलं कर" नको, ज्या गोष्टीचा हेवा आहे नेमकी तीच गोष्ट वाढव म्हणायचं. दुकानाचा हेवा असेल तर दुकान वाढू दे, लेकराच्या मार्कांचा असेल तर अजून चांगले मिळू देत. पहिल्यांदा शब्द घशात अडकतात, मी तर दात-ओठ खाऊन म्हणायचे, पण म्हणायचे.

मग आठवड्यातून एक काम असं करायचं ज्याने त्या माणसाला खरा फायदा होईल. माझ्या बाबतीत ते काम आपणहून चालत आलं. ती मुलगी एक दिवस प्रॅक्टिसनंतर थांबली आणि म्हणाली, "ताई, त्या गाण्यात कडव्यावरून परत धृपदावर येताना माझा श्वास पुरत नाही, तुमचं कसं जमतं, शिकवाल?" खरं सांगते, मनात पहिला विचार आला की अर्धवट शिकवावं. ते श्वासाचं गुपित मला जमायला काही वर्षं लागली होती, ओळ संपायच्या आधीच्या शब्दाला आवाज थोडा सोडायचा आणि तिथे चोरून श्वास घ्यायचा, समोरच्याला कळत नाही. तेवढं एक तिला दिलं की माझ्याकडे काय उरलं? खुर्चीच्या पाठीला धरून मी दोन सेकंद तशीच उभी राहिले. मग पूर्ण शिकवलं. चौथ्या खेपेला तिला जमलं आणि ती लहान मुलीसारखी उड्या मारायला लागली, आणि मला हसू आलं, खरं हसू. नंतर घरी जाताना लक्षात आलं की आज यादी तयार झाली नाही.

मध्येच एक: हेवा आणि दुःख यांची गल्लत करू नका

कुणाला मूल होत नाहीये आणि मैत्रिणीकडे बारसं आहे. कुणाचं लग्न ठरत नाहीये आणि धाकट्या बहिणीचं ठरलं. तिथे जाऊन डोळे भरून आले तर तो हेवा असेलच असं नाही, ते आपल्या रिकाम्या हातांचं दुःख असू शकतं, आणि दुःख हे पाप नाही. हन्ना मंदिरात रडत होती (१ शमुवेल १), सवतीचं मूल मरावं असं तिने मागितलं नाही, माझी कूस उघड एवढंच मागितलं, तेही इतकं जिवाच्या आकांताने की एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. रोमकरांस १२:१५ मध्ये दोन्ही अर्धी आहेत, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. मंडळीने पहिलं अर्धं त्या बाईकडून वसूल करायचं आणि दुसरं अर्धं तिला कधी द्यायचंच नाही, हा अन्याय आहे. अशा वेळी बारशाला अर्धा तास जाऊन लवकर निघालात तरी चालतं, देव हजेरी मांडत नाही. आणि मन महिनोन् महिने उठतच नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरला किंवा समुपदेशकाला जरूर भेटा, त्यात विश्वास कमी पडल्याची लाज काही नाही.

पायरी ६: डोळ्यांचं पथ्य

ज्याचं स्टेटस बघून रोज जखमेची खपली निघते त्याला काही आठवडे म्यूट करा. सोपं आहे, करून टाका. फक्त हे पथ्य आहे, औषध नाही, पायरी ५ च्या ऐवजी म्यूट केलंत तर हेवा तसाच आत राहील आणि दुसरं कुणीतरी शोधेल.

पायरी ७: समाधान शिकायला बसा

हेवा गेला म्हणजे समाधान आपोआप येईल असं मला आधी वाटायचं. तसं होत नाही, खोली रिकामी होते फक्त.

पौल फिलिप्पैकरांस ४:११ मध्ये म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो! पौलालासुद्धा ते जन्मजात नव्हतं, आणि हे तो लिहितोय बंदिवासातून. आपण १३वी ओवी, मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सगळं करू शकतो, ती परीक्षेला जाताना, मॅचच्या आधी, प्रमोशनसाठी म्हणतो, आणि म्हणायला हरकत नाही, पण पौलाचं "सगळं" म्हणजे भरल्या पोटीही राहणं आणि उपाशीही राहणं. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो सांगतो की काही लोक त्याच्याविषयीच्या हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करत होते, आणि त्यावर त्याचं म्हणणं काय, तर घोषणा होतेय ना, मला आनंद आहे (१:१५-१८). माझ्या जागी कुणी लीड करतंय आणि मनात माझ्याविषयी चढाओढही ठेवतंय, तरी मी खूश, हे कल्पना करून बघा जरा.

शिकायचं कसं, तर मला मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न, सगळ्यात उपयोगी वाटतो (निर्गम १६). रोज सकाळी त्या दिवसापुरतं गोळा करायचं, माणशी एक ओमर (हे त्या काळचं माप). उद्यासाठी ठेवलं की किडे पडायचे, शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशीचं तेवढं दुप्पट चालायचं. आणि मापून बघितलं तेव्हा जास्त गोळा केलेल्याचं उरलं नाही, कमी केलेल्याचं पुरलं. येशूने शिकवलेली मागणीही याच मापाची आहे, आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. "आज", आणि "आम्हांला". त्या "आम्हांला" मध्ये ज्याचा हेवा वाटतो तोही बसलेला असतो, ही गंमत प्रार्थना म्हणताना एकदा मुद्दाम आठवा.

रात्री झोपायच्या आधी तीन गोष्टी लिहा ज्या आजच आल्या, काल नव्हत्या. "आरोग्य, कुटुंब, छप्पर" अशी ठरावीक यादी नको, चार दिवसांत तिचा मंत्र होतो आणि अर्थ जातो. आजचं लिहा. दुपारी अचानक पाऊस थांबला. जुन्या ओळखीच्या कुणीतरी फोन केला. सूर लागला.

इथे एक खड्डा आहे. पुष्कळ जण उपकारस्तुती अशी करतात की "त्या बिचाऱ्याकडे बघा, त्याच्यापेक्षा आपलं किती बरं". हे समाधान नाही हो, हा हेवाच आहे, फक्त शीर्षासन केलेला. मोजपट्टी तीच, दुसऱ्याकडे बघूनच मापायचं, आज खालच्याकडे बघून सुख, उद्या वरच्याकडे बघून दुःख. मंदिरातला परुशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस) असाच आभार मानत होता, या जकातदारासारखा मी नाही म्हणून (लूक १८:११). उपदेशकाच्या पुस्तकातलं माप मला जास्त आवडतं, कष्टाने भरलेल्या दोन मुठींपेक्षा शांतीची एक मूठ बरी (४:६). त्यात शेजाऱ्याची मूठ कुठेच नाही.

आणि समाधानी राहा म्हणजे अन्याय गिळा असा अर्थ काढू नका, किंवा कुणी तुम्हाला तसा सांगितला तर ऐकू नका. ज्या फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पौलाने समाधानाचं पत्र लिहिलं, त्याच शहरात त्याला खटला न चालवता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला निघाले तेव्हा तो अडून बसला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). पगारात डावललं असेल, वाटणीत फसवलं असेल तर कागद घेऊन बोलायला जा. दुसऱ्याचा वाटा कमी व्हावा असं न वाटता आपला हक्काचा मागता येतो.

आणि परत आला तर?

येणार. मला परत आला. मागच्या महिन्यात त्या मुलीला बाहेरच्या एका मोठ्या सभेत गायला बोलावलं, घोषणा झाली, टाळ्या झाल्या, आणि माझ्या पोटात तोच ओळखीचा पीळ पडला. मला वाटलं एवढं सगळं करून शेवटी मी तिथेच.

पेत्राचं मला अशा वेळी फार जवळचं वाटतं. योहान २१, येशूला तीनदा नाकारलेल्या पेत्राला किनाऱ्यावर प्रभूने "माझ्यावर प्रेम करतोस का" असं तीन वेळा विचारून परत जवळ घेतलं, मेंढरं सोपवली, पुढे मरण कसं येईल तेही सांगितलं. एवढं झाल्यावर पेत्र मागे वळतो, त्याला दुसरा शिष्य दिसतो, आणि तो विचारतो, प्रभू, याचं काय? नुकतीच क्षमा मिळालीय, अजून त्या कोळशाच्या विस्तवाची ऊब असेल अंगाला, आणि हा दुसऱ्याच्या वाटणीकडे बघतोय. येशू म्हणतो, मी येईपर्यंत त्याने राहावं अशी माझी इच्छा असली तर त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये.

मी घरी येऊन वही काढली. जुनं वाक्य वाचलं, खाली तारीख घालून नवीन लिहिलं, या वेळी "कारण" एकाच खोडण्यात सापडलं. मग फोन घेतला आणि तिला मेसेज केला की सभेच्या तयारीला कुणी हवं असेल तर शनिवारी मी मोकळी आहे.

लगेच उत्तर आलं. "ताई, चार वाजता?"